प्रमाणपत्र भिंतीवर, पोरगं रोजंदारीवर

मंडळी, तालुक्याच्या बाजाराला गेलात आणि मेडिकलमध्ये औषध घ्यायची वेळ आली, तर चिठ्ठी पुढे करताना एकदा भिंतीकडेही बघत चला. दुकानाच्या परवान्याशेजारी काचेच्या चौकटीत एक प्रमाणपत्र टांगलेलं असतं. त्यावर नोंदणीकृत फार्मासिस्टचं नाव असतं. ते नाव आणि काउंटरवर गोळ्या देणारा माणूस एकच असेल तर उत्तम. पण कित्येक ठिकाणी हे दोघे वेगळे असतात. ज्याचं नाव भिंतीवर आहे तो महिन्याकाठी ठरलेली रक्कम घेऊन जातो, आणि औषधं देतो दुसराच कुणीतरी. बाजाराच्या भाषेत याला ‘सर्टिफिकेट भाड्यानं देणं’ म्हणतात.

ही गोष्ट बेकायदा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. फार्मसी कायदा १९४८ चा. औषधं व सौंदर्य प्रसाधनं कायदा त्याच्याही आधीचा, १९४० चा. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिलं पाहिजे, असं कायदा स्पष्ट सांगतो. तरीही हा धंदा चालतो. त्यात दुकानदाराची चूक आहेच. पण आपलं प्रमाणपत्र भाड्यानं देणारं पोरगं कोण असतं, याचा विचार आपण क्वचितच करतो.

कुठल्याही जातीतला गरीब पोरगा या वाटेला लागू शकतो. पण जरा चौकशी केलीत तर दिसेल, की दलित वस्तीतलं, आदिवासी पाड्यावरचं, पारध्यांच्या पालातलं किंवा तांड्यावरचं, घरात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेलं पोरगं इथे लवकर अडकतं. शिकायला त्याने कष्ट घेतले. सरकारने फी भरली. आईबापाने ऊसतोडीची उचल घेतली, शेळ्या विकल्या. पदविका हातात आली. पुढे काय? दुकान टाकायला भांडवल नाही. नोकरीची ओळख नाही. मग दोन-चार हजारांच्या भाड्यावर कागद दुसऱ्याच्या भिंतीवर जातो आणि पोरगं पुन्हा रोजंदारीवर.

या लेखाचा मुद्दा एवढाच. राखीव जागेमुळे कॉलेजात प्रवेश मिळतो, पण प्रवेश मिळाला म्हणजे पोरगं पोचलं असं होत नाही. प्रवेशाच्या आधी आणि पदविकेच्या नंतर जे खाचखळगे आहेत ते बुजवायचं काम बरंचसं गावाच्या हातात आहे. म्हणून हे सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, मुख्याध्यापक आणि विकास सोसायटीचे चेअरमन यांना उद्देशून लिहिलं आहे. शेतकरी बंधूंनीही वाचावं, कारण औषध शेवटी आपल्याच घरात येणार आहे.

यात गावाचं काय भलं?

काही जण म्हणतील, त्यांचं करिअर ते बघतील, आमचा काय संबंध? संबंध आहे. औषधाच्या पाकिटावरचा मजकूर बहुतेक इंग्रजीत असतो. गोळी जेवणाआधी की नंतर, अर्धी की पूर्ण, किती दिवस, हे नीट सांगणारा माणूस नसेल तर औषधाचंच विष होतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. नीट माहिती न देता औषध हातात पडलं की काय होतं, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पिकाच्या औषधाला जे लागू तेच माणसाच्या औषधाला.

आता मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे चला. तिथे घरात कोरकू बोलतात. धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली आणि पावरी, भामरागडला माडिया. नंदुरबार-गडचिरोलीच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांना वर्षानुवर्षं गोळ्या घ्याव्या लागतात. क्षयरोगाचं औषध किमान सहा महिने चुकवायचं नसतं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं तर रोग उलटतो आणि पुढे तेच औषध लागू पडत नाही. हे त्या म्हातारीला तिच्या बोलीत कोण सांगणार? शहरातून बदलीवर आलेला माणूस बदलीचा अर्ज खिशात ठेवूनच येतो. त्याच पाड्यावरची पोरगी फार्मासिस्ट झाली तर ती बोलीही जाणते आणि माणसंही. ती टिकते.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. अमेरिकेत काळ्या माणसांना हेच भोगावं लागलं. जेम्स मॅक्यून स्मिथ या काळ्या तरुणाला तिथल्या कॉलेजांनी वैद्यकीच्या शिक्षणासाठी प्रवेश दिला नाही. तो समुद्र ओलांडून स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला गेला, १८३७ साली डॉक्टर झाला आणि न्यूयॉर्कला परतून त्याने दवाखाना आणि औषधाचं दुकान चालवलं. पुढे १९२७ साली न्यू ऑर्लीन्स शहरात झेवियर विद्यापीठाचं फार्मसी कॉलेज निघालं. तिथून काळे फार्मासिस्ट पिढ्यान्पिढ्या तयार होत आले. तरी आजही अमेरिकेत काळ्या फार्मासिस्टांची संख्या त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कमीच आहे. कॉलेजचं दार उघडलं तरी पुढची वाट आपोआप सोपी होत नाही, हा तिकडचाही अनुभव.

कागद कुणाच्या कपाटात आहे?

आपल्याकडे पहिला अडथळा कागदाचा. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. वैधता वेळेत आली नाही तर राखीव जागा हातची जाते. मार्क असूनही पोरगं बाहेर. हत्ती गेला अन् शेपूट राहिलं, अशी गत.

वैधतेसाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीची जातीची किंवा त्या भागात राहत असल्याची नोंद मागितली जाते. भटक्या-विमुक्तांना शिवाय नॉन-क्रिमीलेअरचा दाखलाही लागतो.

आता सांगा, ज्याचा आजा गाढवांवर संसार घालून गावोगाव फिरला, त्याने १९६१ ची नोंद कुठून आणायची? शेतकऱ्याकडे सातबारा असतो, फेरफार असतात, आज्याचा शाळेचा दाखला असतो. पालात जन्मलेल्याकडे काय असणार? पण नोंद कधीकधी असते. ती त्याच्या घरात नसून सरकारच्या कपाटात असते. शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात असते, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत असते, तहसीलच्या अभिलेख कक्षातल्या कोतवाल बुकात असते. ती मोडी लिपीत असेल तर वाचणाराही शोधावा लागतो.

मुख्याध्यापक साहेब, ते रजिस्टर वाळवीने खाल्लं तर एका वाडीच्या तीन पिढ्यांचं नशीब जातं. ग्रामसेवक भाऊसाहेब आणि तलाठी भाऊसाहेब, २०२४ पासून तुमच्या पदांची नावं ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी अशी झाली. पण कागदाची वाट अजून तुमच्याच टेबलावरून जाते. दरवर्षी दिवाळीच्या सुटीनंतर एक दिवस शिबिर भरवा. गावातली अकरावी-बारावी सायन्सची मागासवर्गीय मुलं बोलवा. कुणाच्या वडिलांची, चुलत्याची वैधता झाली आहे ते विचारा. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या माणसाची वैधता असेल तर ती मोठा पुरावा ठरते. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच्या वर्षीच अर्ज टाकलेला बरा. यात पैशाचं कामच नाही, फक्त मन लागतं.

शिकताना काय अडतं

फार्मसीत दोन वाटा आहेत. एक डी.फार्म., म्हणजे दोन वर्षांची पदविका आणि त्यानंतर ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. दुसरी बी.फार्म., म्हणजे चार वर्षांची पदवी. तिला सीईटी द्यावी लागते. डी.फार्म. झालेल्याला बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घेता येतो, हे बऱ्याच पालकांना ठाऊकच नसतं. २००८ पासून आपल्या देशात सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रमही सुरू झाला.

कॉलेज निवडताना डोळे उघडे ठेवा. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये नव्या कॉलेजांना पाच वर्षं मनाई केली होती. ती मनाई नियमानुसार केलेली नाही, म्हणून सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२२ मध्ये ती चुकीची ठरवली. नवी कॉलेजं निघायची वाट मोकळी झाली. जागा वाढल्या हे चांगलंच. पण इमारतीला रंग आहे आणि प्रयोगशाळेत काचेची नळी नाही, अशा ठिकाणी पोराची दोन वर्षं घालू नका. कौन्सिलची मान्यता आहे का, हे आधी पाहा. मान्यता नसेल तर पास होऊनही राज्याच्या फार्मसी कौन्सिलमध्ये नाव नोंदवलं जात नाही, आणि नोंदणी नसलेला फार्मासिस्ट कायद्याच्या दृष्टीने फार्मासिस्टच नाही.

फीचं काय? अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. ती आजही चालू आहे, जमातींनाही आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं लागतं आणि अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी स्वाधार आणि आदिवासींसाठी स्वयं, या दोन योजना २०१६-१७ पासून आहेत. खोलीभाडं, जेवण यासाठी पैसे थेट खात्यावर येतात. भटक्या-विमुक्तांसाठी आणि इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना पुढे आली.

योजना आहेत, पण पैसे वेळेवर येतील याची खात्री नसते. हप्ता लांबतो, मेसवाला थांबत नाही. बँक खात्याला आधार जोडलेला नसतो, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते. अशा चार-दोन महिन्यांत पोरगं गावी येतं आणि परत जात नाही. त्या काळात गावाने उसने पाच हजार दिले तर एक फार्मासिस्ट वाचतो. लग्नात मांडवाला लागतात त्याहून हे पैसे थोडेच.

पाचशे तासांच्या प्रशिक्षणाचीही एक गोम आहे. ओळखीच्या मेडिकलमधून सही-शिक्का आणला की झालं, असं काही मुलं करतात. मग डॉक्टरची चिठ्ठी वाचता येत नाही, साठ्याचा हिशेब जमत नाही, इन्शुलिन थंडाव्यात का ठेवायचं हे सांगता येत नाही. पदविकेनंतरच्या एक्झिट परीक्षेचे नियम २०२२ साली निघाले आहेत. सही-शिक्क्यावर पास झालेल्याची अशा परीक्षेत परीक्षा होणारच. तेव्हा पोराला ग्रामीण रुग्णालयात किंवा खऱ्या फार्मासिस्टच्या हाताखाली तीन महिने घाला. जिल्हा परिषद सदस्यांनी वैद्यकीय अधीक्षकांशी एक शब्द टाकला तर हे काम होतं. ज्याचा मामा केमिस्ट आहे त्याला हा शब्द लागत नाही. ज्याचा मामा वीटभट्टीवर आहे त्याला लागतो.

पदविकेनंतरचं वर्ष

सगळ्यात धोक्याचं वर्ष हेच. सर्टिफिकेट भाड्यानं मागणारा माणूस याच वर्षी घरी येतो. ‘काही करायचं नाही, नुसतं नाव दे.’ पोराला वाटतं, फुकटचे पैसे. पण चुकीचं औषध गेलं, तपासणी झाली, तर दुकानाचा परवाना तर जाईलच, पण रजिस्टरमधून पोराचं नावही कमी होऊ शकतं. तोवर नोकरीच्या परीक्षेचा अभ्यासही सुटलेला असतो. पालकहो, हा सौदा करू नका. आणि तसलं दुकान चालवणाऱ्यांनो, तुम्हीही करू नका.

खऱ्या वाटा कोणत्या? प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकाऱ्याचं पद असतं. २०२३ साली राज्यातल्या जिल्हा परिषदांची १९,४६० पदांची जाहिरात निघाली, तिच्यात हे पदही होतं. बी.फार्म. झालेल्याला लोकसेवा आयोगामार्फत औषध निरीक्षक होता येतं. पुढे शिकायचं तर जीपॅट परीक्षा आहे. ती पास होऊन एम.फार्म.ला प्रवेश घेणाऱ्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. परदेशी शिकायला अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. औषध कारखान्यातली नोकरी वेगळीच. हे सगळं एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला काय हरकत आहे?

आणि दुकान. किरकोळ औषध विक्रीच्या परवान्याला किमान १० चौरस मीटर जागा लागते. जागा, फर्निचर, फ्रीज, माल, संगणक हे सगळं भांडवलाचं काम. बँक तारण मागते. इथेच शेतकऱ्याच्या पोराचा आणि वस्तीवरच्या पोराचा फरक पडतो. कोरडवाहू शेतकऱ्याचे हाल काय कमी आहेत? त्याचंही पोरगं बेकार आहे, हे खरं. ‘आमच्या पोरांना कोण विचारतंय?’ हा त्याचा सवालही खोटा नाही. पण त्याच्या बापाच्या नावावर सातबारा आहे, जामीन राहायला भाऊबंद आहे, तालुक्याला कुणाचं तरी घर आहे. वस्तीवरच्या पोराकडे यातलं एकही नाही. एकाला दिलं म्हणजे दुसऱ्याचं काढलं, असं या कामात होत नाही. गावाला औषधाचं दुकान मिळतं ते दोघांच्याही आईसाठी.

गावाच्या हातात काय आहे

आता सोसायटीचे चेअरमन आणि संचालक यांनी कान द्यावा. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशभरात दोन हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांना, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांना, जनऔषधी केंद्र चालवायची मुभा द्यायचं ठरवलं. खताच्या गोदामाशेजारी एक गाळा काढला की रक्तदाबाची, मधुमेहाची जेनेरिक औषधं गावातच स्वस्तात मिळू शकतात. केंद्राला फार्मासिस्ट लागतोच. तो बाहेरून आणण्यापेक्षा वस्तीवरचा आणा, आणि पगार नियमाने द्या. नाव त्याचं, तर काउंटरवरही तोच.

पोराला स्वतःच केंद्र काढायचं असेल तर जनऔषधी योजनेत महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, माजी सैनिक यांना आणि आकांक्षित जिल्ह्यांतल्यांना फर्निचर व संगणकासाठी एकवेळचं दोन लाखांपर्यंत जादा साहाय्य आहे. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव हे आपले आकांक्षित जिल्हे. महात्मा फुले महामंडळ, शबरी महामंडळ, वसंतराव नाईक महामंडळ यांचे कर्जाचे अर्ज तालुक्यातल्या बैठकीत मांडता येतात. ग्रामपंचायतीचा रिकामा गाळा लिलावात चढ्या बोलीने जाण्याऐवजी रास्त भाड्याने औषधाच्या दुकानाला देता येईल का, हेही नियम बघून ठरवा.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. वर्षअखेरीस मार्च आला की त्यातून सतरंज्या, भांडी, नाहीतर दिव्याचे खांब घेतले जातात. पेसा गावांना २०१५ पासून ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. यातला थोडा पैसा नियमात बसवून पुस्तकं, परीक्षेची फी, नोंदणीची फी यावर घाला. सतरंजी दोन वर्षांत फाटते, पण फार्मासिस्ट तीस वर्षं गावाच्या कामी येतो.

शेवटची गोष्ट पैशाची नाही. दुकान उघडलं, पण त्या पोराच्या हातून औषध घ्यायला गाव येईल का? राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासांना राखून ठेवल्या, वसतिगृहं उभी केली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचं दुकान काढलं तेव्हा तिथे चहा प्यायला कुणी सवर्ण जाईना. महाराज स्वतः आपली गाडी थांबवून तिथला चहा प्यायले, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजला. हुकूम काढून जे झालं नसतं ते एका कप चहाने झालं.

आपण राजे नाही, पण गिऱ्हाईक आहोत. सरपंचाने आपल्या घरचं बीपीचं औषध वस्तीवरच्या पोराच्या दुकानातून आणलं, पाटलांनी आणलं, तर उद्या सगळं गाव आणेल.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. यातली जी ग्रामसभा आता जवळ असेल तिच्या विषयपत्रिकेवर एक विषय टाका: आपल्या गावातली किती मुलं-मुली फार्मसी शिकतायत, त्यांची वैधता झाली का, शिष्यवृत्ती आली का, आणि शिकून झालेल्यांची प्रमाणपत्रं सध्या कुणाच्या भिंतीवर आहेत. नावं मोजायला दहा मिनिटं लागतील. ठराव नंतर लिहिता येईल.